आबांची वही: प्रकल्प नोंदी

5 ऑक्टोबर 2025

दसरा झाला. आज आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, ट्रंक माळ्यावरून खाली काढली. काळी, पत्र्याची, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. कडी गंजून बसली होती, पप्पांनी खोबरेल सोडून हळूहळू फिरवली.

काम काय आहे ते पहिल्याच पानावर लिहून ठेवते. आबा माघात गेले, महाशिवरात्रीला दोन दिवस होते. वर्षश्राद्धाला घरच्यांच्या आणि गावातल्यांच्या हातात त्यांच्यावरची एक वही द्यायची. ऐंशी-नव्वद पानं, साठ प्रती. फोटो, कागद, लोकांच्या आठवणी आणि आबा जी कामं करायचे ती नेमकी कशी करायचे त्याची नोंद. शेवटची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. "फार चांगला माणूस" हे सगळेच म्हणणार आणि ते खरंच आहे. पण चांगला म्हणजे सकाळी उठून काय करायचा, हे वहीत आलं पाहिजे.

ट्रंकेत: डिस्चार्ज बुक, पीपीओची (पेन्शनच्या आदेशाची) प्रत, पट्टीवर लावलेली पदकं, मफलर, एक पितळी मग, सत्तावीस खिशातल्या डायऱ्या आणि एकमेकांना चिकटून वीट झालेला कागदांचा गठ्ठा.

12 ऑक्टोबर

ही वीट 2019 च्या पुराची. त्या ऑगस्टात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी 43. आमचं गाव भोगावतीच्या काठाला. खालच्या सोप्यात छातीएवढं पाणी चार दिवस उभं होतं आणि ट्रंक खालीच राहिली. म्हशी सोडवल्या, बियाण्याची पोती वर घेतली, आज्जीला पाठीवर घेऊन दादानं बाहेर काढलं. ट्रंकेची आठवण तिसऱ्या दिवशी झाली. आबा कुणाला एक शब्द बोलले नाहीत. पाणी उतरल्यावर उन्हात चटई टाकून स्वतः एकेक कागद वाळवत बसले होते, ते मी पाहिलंय.

आज चार तास बसून चौदा कागद सुटे केले. पद्धत: पातेल्यावर चाळणी, चाळणीवर गठ्ठा, मंद वाफ, मग बांबूची पातळ कामटी कडेनं सारायची. सुरी लावायची नाही, पहिला कागद मी सुरीनंच फाडला. सुटा झालेला कागद टिपकागदात, वर पाटा. शाईची पत्रं जवळजवळ सगळी गेली, निळे ढग उरलेत. टाइप केलेलं वाचता येतं. आणि शिसपेन्सिलीनं लिहिलेलं तर जसंच्या तसं आहे. शाई पाण्यात विरघळते, शिसं विरघळत नाही.

आबा डायरी कायम पेन्सिलीनंच लिहायचे. पलटणीत लागलेली सवय, एवढंच सांगायचे.

19 ऑक्टोबर

डायऱ्या 1976 पासून 2019 पर्यंत, मधली काही वर्षं नाहीत. पानाला दोन-तीन ओळी. नमुना:

"लाईट रात्री. खालची पट्टी पाजली. 3 वाजता पाट फुटला, बांधला."
"आडसाली लागण (उसाची). 2 डोळ्यांची टिपरी. 11 बाया 4 गडी."
"पेन्शन उचलली. खत 6 पोती. आज्जीला (म्हणजे माझ्या पणजीला) चष्मा."

स्वतःच्या मनातलं एक वाक्य नाही. सुरुवातीला निराश झाले. मग लक्षात आलं, चव्वेचाळीस वर्षांत एका रानात कुठल्या दिवशी काय केलं हे इतकं लिहून ठेवणारा दुसरा माणूस गावात नाही. सगळ्या पानांचे फोटो काढायचे ठरवलं. दादा मोबाईल धरतो, मी पानं उलटते.

23 ऑक्टोबर, भाऊबीज

यंदा घरात दिवाळी नाही. तरी थोरली आत्याआज्जी आलीच. आबांची मोठी बहीण, आमच्या हिशेबानं शहाण्णव-सत्त्याण्णवची. नातवाच्या गाडीतून उतरली, कुणाशी बोलली नाही, आबांच्या फोटोपुढं निरांजन लावलं आणि खाली बसली. ताटात दोन करंज्या आणल्या होत्या.

दुपारी जन्मसालाचा प्रश्न तिच्यापुढं ठेवला. शाळेच्या रजिस्टरात 1 जून 1936. त्या काळी गुरुजी अर्ध्या गावाला 1 जूनच लावायचे, त्यामुळं त्यावर भरवसा नाही. डिस्चार्ज बुकात 1935. आत्याआज्जी थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "राजाराम महाराज गेल्याची वर्दी गावात आली, त्या दिशी चूल पेटली न्हाई. आणि ह्याचा म्होरचा दात पडल्याला. मी तो कौलावर टाकलो. मला पक्कं ध्यानात हाय."

कोल्हापूरचे राजाराम महाराज वारले 26 नोव्हेंबर 1940 ला. पुढचा दुधाचा दात पडतो सहाव्या वर्षाच्या आसपास. म्हणजे 1934. वहीत "1934 च्या सुमारास" असंच घालणार आणि खाली आत्याआज्जीचं बोलणं जसंच्या तसं. सरकारी दोन्ही तारखांपेक्षा मला हा दात खरा वाटतो.

ती आणखी एक सांगून गेली. त्यांचा चुलता संस्थानच्या राजाराम रायफल्समध्ये होता. 1949 च्या मार्चात कोल्हापूर मुंबई इलाख्यात विलीन झालं, पुढं ती फौज भारतीय सैन्यात जाऊन 19 मराठा झाली. चुलत्याच्या बुटांचा आवाज ऐकूनच आबांनी भरतीचं मनात घेतलं म्हणे. 1954 ला बेळगावला गेले, मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला. घरी सांगितलं होतं बैल बघायला जातो म्हणून.

26 ऑक्टोबर

मुखपृष्ठावरून घरात वाद. काकांना गणवेशातला फोटो हवा, पदकांसकट. आत्याला फेट्यातला, नातवाच्या लग्नातला. मला आबा खोरं खांद्यावर घेऊन बांधावरून येताना हवेत, पण तसा फोटो कुणी काढलेलाच नाही. तूर्त विषय बाजूला.

9 नोव्हेंबर

पदकं. पाच आहेत. लिंबू-चिंच काही लावलं नाही, नुसतं मऊ कापड. पदकाच्या कडेवर मालकाचा नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं, हे मला माहीतच नव्हतं. अक्षरं तांदळाच्या कणीएवढी. भिंगातूनही दिसेनात. मग खडूची पूड बोटानं कडेवर चोळली, जास्तीची पुसून काढली, आणि अक्षरं पांढरी होऊन वर आली. पूर्वी स्टारच्या कडेवर आबांचं आडनाव एका अक्षरानं चुकलंय. पन्नास वर्षांत आबांनी ते कुणाला सांगितलं नाही, दुरुस्त करून मागितलं नाही.

पूर्वी स्टार म्हणजे 1971 चं युद्ध, पूर्वेची आघाडी, आताचा बांगलादेश. संग्राम मेडल त्याच सालचं. डिस्चार्ज बुकात पलटण स्पष्ट आहे: पहिली मराठा, जंगी पलटण.

16 नोव्हेंबर

आजची नोंद लिहायला जड जातंय. 2018 च्या मे महिन्यात मी आबांना ओट्यावर बसवून बावीस मिनिटं बोलतं केलं होतं, जुन्या मोबाईलमध्ये. तो मोबाईल पुरात गेला. दुसरीकडं प्रत असेल या आशेवर होते. सगळीकडं शोधलं, नाही. मीच ठेवली नव्हती. पुढं सहा वर्षं आबा आमच्यात होते आणि मी "परत एकदा करू" म्हणत राहिले.

आवाज म्हणून उरलंय ते एवढंच: 2023 चा एक व्हॉइस मेसेज, 47 सेकंद. आबांनी चुकून बटण दाबून ठेवलं असणार. उतरवून काढला:

"आलीस का गं. मोटर बंद कर. (पाण्याचा आवाज.) वरच्या सरीचं दारं फुटलंय, पाणी समदं ओढ्याला चाललंय. बंद कर म्हंतो. (चालल्याचा आवाज, धाप.) थांब, थांब थांब थांब. (हे पाण्याला.) हां. (खोऱ्याचे चार ठोके.) बसलं. ऱ्हाऊ दे आता, चालू ऱ्हाऊ दे."

चार ठोके मी पुन्हा पुन्हा ऐकले. तीन जवळजवळ, चौथा थोडा थांबून आणि जड. पहिल्या तिनांत माती ओढायची, चौथा खोऱ्याच्या पाठीनं दाबायचा. ते दारं धरताना, म्हणजे मातीनं अडवून सरीचं पाणी वळवताना, मी लहानपणापासून बघत आले, पण हे कानानं कळलं. वहीत हे पान पूर्ण जाणार. काकांना ते कशाला हवं असं वाटतं. मी ऐकणार नाही.

30 नोव्हेंबर

गडहिंग्लज तालुक्यात आबांच्या पलटणीतले एक जुने सुभेदार राहतात. 71 ला बावीस वर्षांचे शिपाई होते, आबा त्यांचे हवालदार. दादा आणि मी सकाळी निघालो. त्यांचं भात झोडून झालं होतं, अंगणात पिंजराचा ढीग. आधी दूध-भाकरी खाऊ घातली, मग बोलले. रेकॉर्डिंगला हो म्हणाले, पण म्हणाले, "मारामारीचं मी सांगणार न्हाई बाळ. बाकीचं इचार."

जे सांगितलं ते जमेल तसं सलग लिहिते. ब्रिगेड 95 माउंटन, कमांडर ब्रिगेडियर क्लेर, पलटणीचे सीओ (कमांडिंग ऑफिसर) लेफ्टनंट कर्नल ब्रार. सरहद्दीवरचं कमालपूर 4 डिसेंबरला पडलं, तिथून बक्षीगंज, मग ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या पाठीमागं रस्ता अडवून बसायचं. आत पाकिस्तानची 31 बलुच पलटण. क्लेरसाहेबांनी शरण या म्हणून चिठ्ठी धाडली तर उत्तराच्या चिठ्ठीत बंदुकीची गोळी गुंडाळून आली. "ते आमास्नी मागनं कळलं. आमी तवा माती उकरत हुतो."

रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची रानं. मोर्चे (लढायचे खंदक) खोदायला सुरुवात झाली तर सपाट वाफ्यात पाणी लागायला लागलं. आबांनी मूठभर माती उचलून दाबून बघितली, वास घेतला आणि सगळ्या सेक्शनला मोठ्या बांधाच्या अंगाला हलवलं. "हवालदारसाहेब म्हनले, वाफ्यात दोन फुटाला पानी लागतंय, बांध चार पिढ्यांचा हाय, तो कोरडा आसनार. आनी तसंच निगालं. दुसऱ्या सेक्शनची पोरं रातभर पान्यात, आमी कोरडं." 10 डिसेंबरच्या रात्री आतल्या लोकांनी तो रस्ता फोडून निघायचा प्रयत्न केला. त्या रात्रीबद्दल सुभेदारसाहेब एवढंच बोलले की उजाडेपर्यंत चाललं आणि उजाडल्यावर कुणी कुणाकडं बघत नव्हतं. 11 ला जमालपूर पडलं.

पुढचं त्यांच्याच शब्दांत: "सकाळी हवालदारसाहेब बांधावर हुबं. म्हनलं जखम-बिखम झाली का काय. गेलो. तर भाताकडं बघत हुतं. पिकून वाळून झोपल्यालं भात, लोंब्या गळायला लागल्याल्या, आनी कापायला गावात मानूस न्हाई. समदी पळून गेल्याली. कोन मेल्याली. मला म्हनले, कुनाचं आसंल रं. एक लोंबी घिऊन चोळली, दानं हातावर घेतलं, आनी परत त्येच रानात टाकलं. खिशात न्हाई घातलं."

पुढं टांगाईलच्या वाटेवर पुंगलीच्या पुलावर छत्रीधारी 2 पॅरा भेटली. ती मूळची तिसरी मराठा. दोन्हीकडून मराठीच ऐकू येत होतं, हे सांगताना ते पहिल्यांदा हसले. 16 ला ढाका.

निघताना एक शेर नवं भात पोत्यात बांधून दिलं. वहीच्या दोन प्रती पाठवायचं कबूल करून आलोय.

1 डिसेंबर

रेकॉर्डिंग तीन ठिकाणी ठेवलं. मोबाईल, लॅपटॉप, दादाचा पेनड्राइव्ह.

11 डिसेंबर

चार रात्री डायऱ्या पुन्हा चाळल्या. शोधत होते ते सापडलं आणि आता त्याचं काय करावं कळत नाही.

गावात सगळ्यांना माहीत असलेली आबांची एक रीत: सुगीच्या दिवसांत कुणाच्या घरात मयत झालं, की तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं घरी परतायच्या आत आबा विळा घेऊन त्यांच्या रानात असायचे. बोलावणं नाही, विचारणं नाही. त्यांना बघून चार जण यायचे. भात कापून, बांधून, खळ्यावर लावून आबा परस्पर नदीवर आंघोळीला जायचे. त्या घरचा चहासुद्धा घेत नसत. लहानपणी आम्ही विचारलं तर म्हणायचे, "पीक गळतंय न्हवं."

डायरीत या नोंदी अशा: "शेजारच्या रानात कापणी. मयत घर. 5 माणसं." सत्तावीस डायऱ्यांत अकरा वेळा. शेवटची 2017 ची, तेव्हा ते त्र्याऐंशीचे. "मयत घर" हे दोन शब्द दर वेळी आणि मालकाचं नाव एकदाही नाही.

दादा म्हणतो, सरळ लिहू, जमालपूरचं ते भात बघून आबांनी ही रीत धरली. वाचायला छान वाटेल, लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल. पण आबांनी असं कधी म्हटलं नाही. त्यांच्या आईनंही कदाचित हेच केलं असेल, गावात पूर्वीपासून असेल. मी नाही लिहिणार. डाव्या पानावर सुभेदारसाहेबांचं बोलणं, उजव्या पानावर अकरा नोंदी तारखांसकट. मधे माझं वाक्य नाही. ज्याला जोडायचं तो जोडेल.

28 डिसेंबर

गुऱ्हाळ. पेन्शनीला आल्यावर आबा पंधरा-सोळा हंगाम गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारे, होते. शाहू महाराजांनी 1895 ला शाहूपुरी वसवली तेव्हापासून आमच्या भागाचा गूळ तिथल्या पेठेला जातो. आता कारखान्याला ऊस घालणं सोयीचं पडतं, आमच्या शिवेत एकच गुऱ्हाळ पेटतं. तिथला गुळव्या आबांच्या हाताखाली तयार झालेला. मी साखरेच्या पाकाला वापरतात तो थर्मामीटर घेऊन गेले होते.

रस काहिलीत पडला, चुलवाणात चिपाडं गेली. तापायला लागल्यावर रानभेंडीचं ठेचलेलं चिकट पाणी घातलं, काळी मळी वर आली, ती झाऱ्यानं काढली. मग तास-दीड तास नुसता जाळ. आधी मोठे बुडबुडे, मग फेस बारीक होत होत सायीसारखा. इथं सगळा गूळ ठरतो. अलीकडं उतरवला तर ढेप पाघळते, पलीकडं गेला तर करपट लागतो. त्यानं फावड्याच्या टोकावरचा थेंब गार पाण्याच्या तांब्यात सोडला, बोटांनी गोळी केली आणि तांब्याच्या काठावर टाकली. टप्प. "कच्चा." दोन मिनिटांनी परत. टप्प. तिसऱ्यांदा: टण्. "उतरवा!" माझ्या थर्मामीटरवर 117.

गोळी हातात घेऊन दाबायची असं पुष्कळ जण शिकवतात. टाकून ऐकायची, हे आबांचं. गुळव्या म्हणाला, "आबा धुरात डोळं मिटून बसायचं. म्हनायचं, डोळ्यानं सगळ्यांस्नी दिसतंय, तू ऐक." वहीत आवाज आणि आकडा दोन्ही घातले.

येताना काकवी दिली. आज्जीनं ती देवापुढं ठेवली, मग आबांच्या फोटोपुढं, मग आम्हाला.

11 जानेवारी 2026

आबांचं खोरं मोजलं. नवं असताना पातं साधारण वीत-सव्वा वीत लांब असतं. याचं चार बोटं उरलंय, आणि डावा कोपरा उजव्यापेक्षा जास्त झिजलेला. पप्पा म्हणाले, आबा दारं नेहमी डाव्या अंगानं बांधायचे, उजव्या खांद्यात जोर कमी होता. का कमी होता ते पप्पांनाही माहीत नाही. डिस्चार्ज बुकात वैद्यकीय नोंदीचं पान वाफेनंही सुटलं नाही.

बाभळीचा दांडा तीन वेळा बदललेला, तिसरा पप्पांनी घातलेला. मुखपृष्ठावर खोऱ्याचं रेखाचित्र घ्यायचं ठरलं. काका बराच वेळ खोरं हातात धरून बसले होते, मग तेच म्हणाले. गणवेशातला फोटो आत, पूर्ण पानभर.

1 फेब्रुवारी

छपाईला दिली. चौऱ्याऐंशी पानं. शेवटची चार पानं कोरी ठेवलीत, ज्याला जे आठवेल ते त्यानं आपल्या प्रतीत लिहावं. पेन्सिलीनं लिहा, असं खाली छापलंय.

15 फेब्रुवारी

वर्षश्राद्ध पार पडलं. मंडपात वह्या वाटल्या. ज्यांच्या घरच्या कापणीची नोंद डायरीत आहे त्यांतली काही माणसं तारखेवरून आपलं घर ओळखून उठली. एक काकू पान उघडून आज्जीजवळ येऊन बसल्या, तारखेवर बोट ठेवलं. त्यांचे मालक त्या साली दिवाळीच्या तोंडावर गेले होते. दोघी बराच वेळ तशाच बसल्या.

आत्याआज्जीला दिसत कमी. तिला 47 सेकंद ऐकवले. "मोटर बंद कर" आलं तशी म्हणाली, "केली रं, केली." नंतर खोऱ्याचे ठोके तिनं मांडीवर बोटांनी मोजले.

22 फेब्रुवारी

सुभेदारसाहेबांचा फोन. दोन्ही प्रती पोचल्या, एक त्यांनी देवघरात ठेवलीय. पान 41 वर चूक सापडली. मी लिहिलंय, बांधाच्या अंगाला मोर्चा तीन फूट खोल खणला. तीन नव्हे, अडीच. "अडीचला हवालदारसाहेबांनी थांबवलं हुतं. त्याच्या खाली वल लागली आसती. तीन लिवलं तर लोक म्हनतील, त्यास्नी माती कळत नव्हती."

छपाई झालेली आहे, तेव्हा आता हातानं. वाटलेल्या प्रती घरोघरी जाऊन मागून आणतेय, "तीन" वर एक आडवी रेघ, बाजूला "अडीच", पेन्सिलीनं. आज रात्रीपर्यंत बावीस झाल्या. अडतीस राहिल्या.